हारिबोन : एका पक्षिराजाच्या राज्यनाशाचा इतिहास

१

राज्यें बुडतात तेव्हां त्यांचा इतिहास लिहिणारे बखरकार मिळतात. पण एखाद्या पक्ष्याचें किंवा पशूचें राज्य बुडतें तेव्हां त्याची बखर कोणी लिहीत नाहीं. ती शोधावी लागते ती भलत्याच दप्तरांत. लांकडाच्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या, जंगलखात्याचे अहवाल, वसाहतींचे कायदे, प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी, एखाद्या हिंडत्या संग्राहकाचें टिपण, अशा विखुरलेल्या कागदांवरून त्या मुक्या राज्याच्या सीमा आंखाव्या लागतात आणि त्या केव्हां व कशा मागें हटल्या हें ठरवावें लागतें. असेंच एक राज्य हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. फिलिपाइन द्वीपसमूहांतील अवघ्या चार बेटांवर राहणारा आणि जगांत अन्यत्र कोठेंही न आढळणारा जो महागरुड, त्याचा मुलूख केवढा होता, तो कशानें आकसला, आणि या आकसण्याचें खापर आजवर कोणाकोणाच्या माथीं फोडण्यांत आलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्याकडे गरुडास खगेंद्र म्हणतात. टागालोग भाषेंत ‘हारी’ म्हणजे राजा आणि ‘इबोन’ म्हणजे पक्षी; या दोन शब्दांच्या जोडणीनें बनलेलें ‘हारिबोन’, म्हणजे पक्ष्यांचा राजा, हें या गरुडाचें तिकडील नांव. समुद्रानें दुरावलेल्या दोन लोकांनीं गरुडाला एकच पदवी द्यावी यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. राजेपण त्याच्या रूपांतच आहे. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा पक्षी सुमारें १ मीटर भरतो. पंख पसरले म्हणजे त्यांचा विस्तार २ मीटरांच्या आसपास जातो. वजन साडेचारपासून ८ किलोपर्यंत असतें. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरें, चोंच खोल व बांकदार, डोळे करड्या निळ्या रंगाचे. मस्तकावरील लांबट पिसें एरवीं मानेवर पडून असतात. पण पक्षी सावध झाला कीं तीं आयाळीप्रमाणें उभीं राहतात. लांबीच्या मानानें हयात गरुडांत याची गणना अगदीं पहिल्यांत होते. पंख मात्र देहाच्या मानानें आंखूड व रुंद आहेत आणि शेपटी लांब आहे. कारण त्याला उघड्या आकाशांत घिरट्या घालावयाच्या नसून, उंच वृक्षांच्या दाटींतून वळणें घेत शिकार गांठावयाची असते. त्याच्या शरीराची ही घडणच सांगते कीं हा अरण्याचा राजा आहे, आकाशाचा नव्हे. अरण्य गेलें कीं त्याचें राजेपणही गेलें.

त्याच्या कुळाविषयींही एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञांची समजूत अशी होती कीं, दक्षिण अमेरिकेंतील हार्पी नांवाचा प्रचंड गरुड हा याचा जवळचा भाऊबंद असावा. दोघांचा आकार व राहणी तशीच आहे. परंतु २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें ही सोयरीक मोडली. साप खाणारे जे गरुड, त्यांच्या शाखेंत हा बसतो असें दिसून आलें. आपल्या सह्याद्रींत उन्हाच्या वेळीं शीळ घालीत फिरणारा सर्पगरुड पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. फिलिपाइनचा हा महागरुड त्याचा दूरचा आप्त होय. एका बाजूस पडलेल्या बेटांवर वाघ-बिबट्यांसारखे मोठे हिंस्र पशू नसल्यामुळें ती रिकामी जागा या पक्ष्यानें भरून काढली आणि युगानुयुगांत तो वाढत वाढत एवढा झाला.

२

पाश्चात्त्य विद्येला या पक्ष्याची ओळख फार उशिरा झाली. १८९६ च्या जूनमध्यें जॉन व्हाइटहेड नांवाचा इंग्रज संग्राहक सामार बेटाच्या रानांत मुक्कामास होता. बोर्निओंतील किनाबालू पर्वतावर पक्षी गोळा करून त्यानें पूर्वींच नांव मिळविलें होतें. सामारच्या उंच झाडांवरून एक अनोळखी, अवाढव्य पक्षी त्याला दिसे. पण तो टप्प्यांत येत नसे. शेवटीं त्याच्या ह्वान नांवाच्या फिलिपिनो नोकरानें तो पाडला. त्याचें कातडें लंडनला गेलें आणि ब्रिटिश म्यूझियमांतील ऑगिल्व्ही-ग्रँट या पक्षिशास्त्रज्ञानें त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचें शास्त्रीय वर्णन करून ‘पिथेकोफागा जेफ्रिई’ असें त्याचें बारसें केलें. नांवाचा पूर्वार्ध ग्रीक असून त्याचा अर्थ वानरभक्षक असा आहे. उत्तरार्ध व्हाइटहेडचा पिता जेफ्री याच्या स्मरणार्थ आहे, कारण मुलाच्या प्रवासाचा भार त्यानें उचलला होता. ज्यानें पक्षी पाडला त्या ह्वानचें आडनांवही या कथेंत उरलें नाहीं. खुद्द व्हाइटहेड १८९९ मध्यें हैनान बेटावर तापानें वारला, तेव्हां त्यानें चाळिशीही गांठली नव्हती.

१८९६ हें साल फिलिपाइनच्या इतिहासांत दुसऱ्याच कारणासाठीं प्रसिद्ध आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत स्पॅनिश सत्तेविरुद्ध क्रांति पेटली, आणि ३० डिसेंबर रोजीं होसे रिझालला मनिला येथें गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. पुढें दोन वर्षांतच, १८९८ च्या पॅरिस येथील तहानें, स्पेननें हा सारा द्वीपसमूह २ कोटि डॉलरांस अमेरिकेच्या हवालीं केला. देशाची माणसें, भूमि, झाडें आणि झाडांवरील पाखरें या सर्वांचा सौदा एका कागदावर झाला. आपल्या गरुडाचा लिखित इतिहास अशा रीतीनें एका राष्ट्राच्या जन्मवेदनांबरोबरच सुरू होतो, आणि पुढील शंभर वर्षांत या दोन इतिहासांची फारकत कधींच झालेली नाहीं.

‘वानरभक्षक’ हें नांव व्हाइटहेडला स्थानिक लोकांनीं सांगितलेल्या माहितीवरून पडलें. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु अर्धें खरें आहे. पुढें घरट्यांजवळ बसून ज्यांनीं या पक्ष्याचें निरीक्षण केलें त्यांना असें आढळलें कीं, मिंडानाओ बेटावर त्याचें मुख्य भक्ष्य वानर नसून कोल्यूगो नांवाचा, अंगाच्या पडद्यावर तरंगत झाडावरून झाडावर जाणारा एक निरुपद्रवी प्राणी हें आहे. त्याखेरीज उदमांजरें, साप, घोरपडी, धनेशासारखे पक्षी आणि क्वचित् माकडें तो खातो. लुझॉन बेटावर कोल्यूगो मुळींच नाहीं. तेथें झाडांवर राहणारे मोठे उंदीर आणि इतर प्राणी यांवर त्याचा चरितार्थ चालतो. एका अर्धवट ऐकीव गोष्टीवरून पडलेलें हें नांव मात्र ऐंशी वर्षें टिकलें.

३

आतां या राज्याच्या सीमा पाहूं. फिलिपाइनच्या सात हजारांहून अधिक बेटांपैकीं लुझॉन, सामार, लेयते आणि मिंडानाओ या चारच बेटांवर हा गरुड सांपडतो. नेग्रोस, पानाय, सेबू, मिंडोरो, पलावान हीं बेटें कांहीं लहान नाहींत. तेथेंही एके काळीं घनदाट अरण्यें होतीं. असें असतां तेथें तो कां नसावा? याचें उत्तर भूगर्भाच्या इतिहासांत आहे. हिमयुगांत पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फांत गोठल्यामुळें समुद्राची पातळी आजच्यापेक्षां १०० मीटरांहून अधिक खालीं गेली होती. त्या वेळीं सामार, लेयते आणि मिंडानाओ हीं एकाच सलग भूमीचे भाग होते, आणि लुझॉन हें दुसऱ्या एका मोठ्या भूमीचें अंग होतें. पुढें पाणी चढलें, सखल भाग बुडाले आणि एका राज्याचे प्रांत एकमेकांपासून तुटले. अरण्यांत फांद्यांआड वावरणारा हा पक्षी रुंद समुद्र ओलांडण्याचें धाडस सहसा करीत नाहीं. तेव्हां जेथें पूर्वज राहिले तेथेंच वंशज राहिले. म्हणजे या पक्ष्याचें राज्य मुळांतच मर्यादित होतें. नष्ट झाल्यास बाहेरून भर पडण्याची सोय त्यांत नव्हती.

या मर्यादित मुलुखांतही त्याची वस्ती दाट असणें शक्य नव्हतें. एका जोडप्याला शिकारीसाठीं शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपास अरण्य लागतें. मुंबईचें मूळ बेट याहून लहान आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गरजेची कल्पना येईल. घरटें जंगलाच्या छपरावर डोकें काढणाऱ्या एखाद्या जुन्या महावृक्षावर, जमिनीपासून ३० मीटरांच्या आसपास उंचीवर असतें. मादी साधारणतः दोन वर्षांनीं एकदां, आणि तेंही एकच, अंडें घालते. नर व मादी आळीपाळीनें तें सुमारें दोन महिने उबवितात. पिलूं चार-पांच महिन्यांनीं घरटें सोडतें. पण त्यानंतरही वर्षभर किंवा अधिक काळ आईबापांच्या आधारावरच त्याचें पोषण होतें. मादी पांच वर्षांनीं आणि नर सात वर्षांनीं वयांत येतो.

हा हिशेब वाचकांनीं थोडा मनांत घोळवून पाहावा. ज्या प्राण्याचें आयुष्य दीर्घ आणि प्रजा अल्प असते, त्याचें सारें भवितव्य प्रौढांच्या दीर्घायुष्यावर अवलंबून असतें. रोमच्या प्राणिसंग्रहालयांतील एक गरुड तेथें ४१ वर्षें जगला. अशा पक्ष्याला निसर्गानें घाई शिकविलेली नाहीं. दोन वर्षांनीं एक अपत्य त्याला पुरेसें होतें, कारण त्याला मारणारा कोणी नव्हता. जेथें उंदीर किंवा चिमणी यांची हानि एका पावसाळ्यांत भरून निघते, तेथें एका प्रौढ गरुडाची हानि भरून निघण्यास दशक लागतें. एक गोळी येथें एकाच पक्ष्याला मारीत नाहीं. घरट्यांतील पिलूं, विधुर झालेला जोडीदार आणि पुढील कित्येक वर्षांचीं न घातलेलीं अंडीं या सर्वांवर ती चालते.

४

परंतु हा ऱ्हास मुख्यतः गोळीनें झाला नाहीं. तो कुऱ्हाडीनें व करवतीनें झाला, आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष गेलें.

स्पॅनिश अमलांत कावीतेच्या गोदींत मनिला-आकापुल्को व्यापाराचीं प्रचंड गलबतें बांधण्यासाठीं वेठीच्या मजुरांकडून डोंगरांतील कठीण लांकूड तोडून आणविलें जाई. १८६३ सालीं स्पॅनिश सरकारनें स्वतंत्र जंगलखातेंही काढलें. असें असूनही विसाव्या शतकाच्या आरंभीं देशाच्या एकंदर ३ कोटि हेक्टर भूमीपैकीं सुमारें २ कोटि १० लक्ष हेक्टर, म्हणजे शेंकडा ७०, अरण्याखालीं होती असा अंदाज आहे. तीन शतकांच्या स्पॅनिश राज्यानें जें घालविलें नाहीं तें पुढील एका शतकानें घालविलें.

अमेरिकनांनीं १९०० सालीं जंगलखात्याची पुनर्रचना केली. त्यांचें धोरण अरण्य जाळून टाकण्याचें नव्हतें. उलट शास्त्रशुद्ध तोडीनें त्यांतून कायमचें उत्पन्न काढावें असें होतें. परंतु या शास्त्राबरोबर वाफेचीं यंत्रें, आगगाडीचे फांटे आणि मोठमोठ्या लांकूडकंपन्या आल्या. लावान नांवाचे जे उत्तुंग वृक्ष, ते आपल्या सालाच्याच कुळांतील. त्यांचें लांकूड अमेरिकेच्या बाजारांत ‘फिलिपाइन महोगनी’ या नांवानें खपूं लागलें. महोगनीचा व त्याचा कांहीं संबंध नाहीं. पण नांवाला भाव येतो. ज्या वृक्षांच्या माथ्यावर गरुड घरटें बांधीत असे, त्यांपैकीं पुष्कळ या लावानांतलेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणि १९४६ च्या स्वातंत्र्यानंतर तोडीचा वेग शतपट वाढला असें म्हटलें तर तें अलंकारिक होईल. पण तो पूर्वींच्या कोणत्याही काळाशीं तुलना होऊं नये इतका वाढला हें निर्विवाद आहे. जपानच्या पुनर्रचनेला लांकूड हवें होतें, आणि १९६० च्या दशकांत फिलिपाइन्स हा उष्ण कटिबंधांतील ओंडक्यांचा जगांतील एक अग्रेसर निर्यातदार बनला. अरण्याचे मक्ते हें राजकीय बक्षीस झालें. फर्डिनांड मार्कोस याच्या कारकीर्दींत देशाच्या एकंदर क्षेत्रफळाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढी जमीन लांकडाच्या मक्तेदारांकडे होती, आणि त्या मक्तेदारांत सत्ताधाऱ्याच्या मित्रांचा व आप्तांचा भरणा होता. २००३ च्या मोजणीप्रमाणें देशांतील एकंदर अरण्य ७२ लक्ष हेक्टरांवर, म्हणजे शेंकडा २४ वर, आलें होतें. आणि त्यांतही जुनें, अभंग अरण्य थोडेंच होतें.

या विनाशाचा दोष देण्याची वेळ आली तेव्हां बोट प्रथम गेलें तें ‘काइंगिन’ करणाऱ्या गरीब शेतकऱ्याकडे. काइंगिन म्हणजे रान तोडून, जाळून त्या राखेंत पीक काढावयाचें. आपल्याकडील कुमरीचाच हा प्रकार. हा दोष सर्वस्वीं खोटा नाहीं. १९०३ सालीं देशाची लोकसंख्या ७६ लक्ष होती, ती २०२० सालीं १० कोटि ९० लक्षांवर गेली. या लोकांना जमीन हवी होती. पण त्यांना ती सखल प्रदेशांत मिळाली नाहीं, कारण तेथील सुपीक जमीन मोठ्या जमीनदारांच्या हातीं होती. सरकारनें आपला हा प्रश्न सोडविण्यासाठीं १९१३ पासूनच मिंडानाओंत वसाहती वसविण्यास आरंभ केला. मिंडानाओ म्हणजे गरुडाची मुख्य भूमि. तेव्हां क्रम असा दिसतो : प्रथम मक्तेदार येतो, डोंगर फोडून रस्ता करतो आणि मोठें लांकूड नेतो, मग त्याच रस्त्यानें भूमिहीन शेतकरी येतो आणि उरलेलें जाळून नांगर घालतो. पहिला गेल्यावर अरण्य कदाचित् पुन्हां वाढलें असतें. दुसरा आल्यावर तें वाढत नाहीं. पण पहिल्यानें वाट केली नसती तर दुसऱ्याला तेथें पोंचतांच आलें नसतें. शिवाय पहिल्याच्या हातीं परवाना होता, आणि दुसऱ्याच्या हातीं नव्हता. म्हणून गुन्हेगार दुसरा ठरला.

अरण्यनाशाचा दंड माणसांनाही चुकला नाहीं. १९९१ च्या नोव्हेंबरांत लेयते बेटावर वादळी पाऊस झाला, उघड्या डोंगरांवरून पाणी धांवत आलें आणि ओर्मोक शहरांत व आसपास सुमारें ५,००० माणसें मेलीं. लेयते हें गरुडाच्या चार बेटांपैकीं एक. ज्या डोंगरावर गरुडाला बसण्यास झाड उरलें नाहीं, त्या डोंगरानें खालच्या शहराचें रक्षण करावें कसें? या आपत्तीनंतर, १९९२ पासून, जुन्या अरण्यांतील तोड बंद करण्यांत आली. आणि २०११ सालीं सर्व नैसर्गिक अरण्यांतील तोडीस सरकारी हुकुमानें मनाई झाली. पण तोंपर्यंत तोडण्यासारखें बरेंचसें तोडून झालें होतें.

५

बंदूक आणि पिंजरा यांनींही आपला वांटा उचलला, तो वगळतां येणार नाहीं. पक्षी दुर्मिळ म्हटला कीं त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली कीं तो अधिक दुर्मिळ होतो. युरोप-अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांना हा गरुड हवा असे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पेंढा भरलेला गरुड ही प्रतिष्ठेची वस्तु होती. १९६० च्या दशकांत डिओस्कोरो राबोर या फिलिपिनो प्राणिशास्त्रज्ञानें हा पक्षी नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याची धोक्याची घंटा वाजविली. त्याच दशकांत रोडोल्फो गोन्झालेस यानें आपो पर्वतावरील एका घरट्याचा दीर्घ अभ्यास केला आणि या पक्ष्याच्या संसाराची पहिली विश्वसनीय माहिती जगापुढें आली. जगांतील मोठ्या प्राणिसंग्रहालयांच्या संचालकांनींही तो विकत न घेण्याचें ठरविलें.

पुढें या कार्याला एक अनपेक्षित कैवारी मिळाला. १९२७ सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग उतारवयांत वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळला होता. त्यानें आपल्या कीर्तीचें सारें वजन या गरुडाच्या पारड्यांत टाकलें. १९७० मध्यें फिलिपाइनच्या कायदेमंडळानें हा पक्षी संरक्षित ठरविणारा ६१४७ क्रमांकाचा कायदा मंजूर केला. १९७८ सालीं मार्कोसनें जाहीरनामा काढून ‘वानरभक्षक’ हें हीन वाटणारें नांव रद्द केलें व ‘फिलिपाइन गरुड’ हें नांव दिलें. १९९५ च्या ४ जुलै रोजीं अध्यक्ष फिडेल रामोस यानें त्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला; तोंवर हा मान ‘माया’ या चिमुकल्या पांखराकडे होता. २००१ च्या वन्यजीव कायद्यानें अशा संकटग्रस्त प्राण्याच्या हत्येस सहा ते बारा वर्षांच्या कैदेची शिक्षा ठेविली.

हा सन्मानांचा इतिहास आणि मागील प्रकरणांतील लांकडाचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून वाचले म्हणजे एक विलक्षण दृश्य दिसतें. ज्या राजवटीनें पक्ष्याला राष्ट्राचें नांव दिलें, तिनेंच त्याचें अरण्य मक्त्यानें वांटलें. पक्ष्याची पदवी वाढत होती आणि मुलूख घटत होता. इतिहासांत अशा राजांचीं उदाहरणें आपणांस अपरिचित नाहींत : किल्ले गेले, फौज गेली, महसूल गेला, राहिली ती गादी, छत्र आणि तोफांची सलामी.

६

१९८७ सालीं दावाओ येथें या गरुडाच्या रक्षणासाठीं स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालें. त्याच्या शास्त्रज्ञांनीं बंदिवासांत या पक्ष्याची पैदास करण्याचा प्रयोग चिकाटीनें चालविला, आणि १५ जानेवारी १९९२ रोजीं कृत्रिम गर्भाधानानें झालेल्या अंड्यांतून पहिलें पिलूं बाहेर आलें. त्याचें नांव ‘पाग-असा’ ठेवण्यांत आलें. टागालोग भाषेंत त्याचा अर्थ आशा. मराठी वाचकाला हा अर्थ कोशांत पाहण्याची जरुरी नाहीं. कारण त्यांतील ‘असा’ हा आपलाच ‘आशा’ शब्द. शेंकडों वर्षांपूर्वीं समुद्रमार्गानें संस्कृतांतून ‘गुरु’, ‘देवता’, ‘मुख’ इत्यादि जे शब्द त्या बेटांवर गेले, त्यांतच तो गेला. हा पाग-असा २८ वर्षें जगला आणि ६ जानेवारी २०२१ रोजीं मरण पावला. २०१३ सालीं जन्मलेली ‘माबुहाय’ ही त्याची कन्या.

पिंजऱ्यांत जन्म देणें साधलें. परंतु रानांत जगविणें हें निराळें. बंदिवासांत जन्मलेला ‘काबायन’ नांवाचा गरुड २००४ सालीं आपो पर्वतावर सोडण्यांत आला. काबायन म्हणजे देशबांधव. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं तो विजेच्या धक्क्यानें मेला. ‘काग्साबुआ’ नांवाचा, जखमी अवस्थेंतून बरा केलेला गरुड २००८ सालीं सोडल्यावर सुमारें चार महिन्यांनीं एका शिकाऱ्यानें मारून खाल्ला. ‘पामाना’ म्हणजे वारसा. या नांवाची मादी १२ जून २०१५ रोजीं, फिलिपाइनच्या स्वातंत्र्यदिनीं, हामिगितान पर्वतावर मोठ्या समारंभानें मुक्त करण्यांत आली, आणि ऑगस्टांत गोळी लागून मेलेली आढळली. २०१३ च्या महावादळानें लेयतेवरील गरुड नाहींसे झाले असें समजलें जात होतें. म्हणून २०२४ च्या जूनमध्यें मिंडानाओहून आणलेले दोन गरुड तेथें सोडण्यांत आले. त्यांतील ‘उस्वाग’, म्हणजे प्रगति, महिनाभरांत समुद्रांत मृत सांपडला. देशबांधव, वारसा, प्रगति, या सुंदर नांवांचा हा शेवट पाहिला म्हणजे नांव देणारांच्या तळमळीविषयीं आदर वाटतो. पण नुसत्या नांवानें कोणाचें रक्षण होत नाहीं हेंही तितक्याच स्पष्टपणें कळतें.

मग आज किती गरुड उरले आहेत? येथें एका घोटाळ्याविषयीं वाचकांस सावध करणें अवश्य आहे. २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत एकट्या मिंडानाओवर ८२ ते २३३ जोडपीं असावींत असा अंदाज होता. २०२३ सालीं उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें व घरट्यांचीं ठिकाणें यांचा मेळ घालून केलेल्या नव्या अभ्यासानें चारही बेटें मिळून सुमारें ३९२ जोडप्यांचा, म्हणजे ७८४ प्रौढ पक्ष्यांचा, अंदाज दिला. हे आंकडे ओळीनें मांडून कोणी म्हणेल कीं पक्षी वाढला. तसें नाहीं. पहिला आंकडा एका बेटाचा आहे, दुसरा चारांचा. आणि दोन्ही शिरगणती नसून, किती अरण्य उरलें आहे व त्यांत किती जोडपीं मावतील यावरून बांधलेले तर्क आहेत. लुझॉनवर तर गरुडाचें नांदतें घरटें प्रथम नोंदलें गेलें तें २०१५ सालीं, आपायाओ प्रांतांत. वाढलें आहे तें आपलें ज्ञान. ३९२ हा सुद्धां कमाल अंदाज समजावा, कारण जागा आहे एवढ्यानें ती भरलेली आहे असें सिद्ध होत नाहीं. याच अभ्यासानें आणखी एक गोष्ट दाखविली : या पक्ष्यास योग्य असें जें सुमारें २८,६०० चौरस किलोमीटर अरण्य उरलें आहे, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा संरक्षित क्षेत्रांत येतो.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य या शेवटच्या वाक्यांत सांपडतें असें आम्हांस वाटतें. या गरुडाचा प्रश्न प्राणिसंग्रहालयाचा नाहीं, आणि केवळ शिकाऱ्याच्या शिक्षेचाही नाहीं. तो जमिनीचा प्रश्न आहे : डोंगरावरील अरण्य कोणाचें, त्याचा उपभोग कोणीं घ्यावा, आणि त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसानें पोट कसें भरावें. आपो पर्वताच्या परिसरांतील ओबू मानुवू आदि मूळच्या लोकांतून आतां वनरक्षक नेमले जातात. ज्याच्या वाडवडिलांचें तें रान, त्यालाच त्याच्या राखणीचें वेतन मिळतें. एका जोडप्याच्या शंभर चौरस किलोमीटरांत किती माणसांचीं शेतें, झरे व वाटा येतात हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातून हें काम होणें शक्य आहे. घरट्याची बातमी राजधानीला कळण्यापूर्वीं त्याला कळते. आणि बंदूक घेऊन रानांत शिरणाऱ्यालाही तोच प्रथम पाहतो. वेतन अल्प आहे, माणसें थोडीं आहेत, आणि त्यांच्या राखणीबाहेरचें रान फार मोठें आहे. पण गेल्या सव्वाशें वर्षांत या पक्षिराजाला जे अनेक मान मिळाले, त्या सर्वांपेक्षां त्याच्या मुलुखाची राखण करणारा हा एक गरीब पहारेकरी त्याच्या अधिक उपयोगाचा आहे.